चुलीवरची गिटार

जंगलातल्या गावांना कुरिअरवाला जात नाही. रामनगरच्या बसस्टँडसमोर माझं किराणा दुकान आहे, तिथं तो सगळं टाकून जातो आणि मग ज्याचं त्यानं येऊन न्यायचं. कुणाची औषधं येतात, कुणाच्या लेकीचे कॉलेजचे बूट, कुणाची मिक्सरची भांडी. निम्म्या तालुक्याला काय हवंय ते मला घरबसल्या कळतं. म्हादूला जे हवं असायचं ते मात्र दारातून आडवं करूनच आत घ्यावं लागायचं, एवढं लांब खोकं.

म्हादू कुणबी, बाजारकुणंग गावाच्या पुढं जंगलात चार-सहा घरांचा एक वाडा आहे तिथला. वय चाळिशीचं. थोडं भात, परसात कंद, आणि पावसाळा सोडला तर कॅसलरॉकजवळच्या एका होमस्टेची जीप चालवायची. लाघवी माणूस. मला अक्का म्हणतो आणि दुकानात शिरला की आधी पाण्याची घागर भरून देतो, मग कामाचं बोलतो. त्याची बायको रुक्मा बाजाराच्या दिवशी कंद आणि कोकम घेऊन येते आणि माझ्याच पायरीवर बसून विकते. ती कमी बोलते. म्हादू दोघांच्या वाटणीचं बोलतो.

शिगम्यात, म्हणजे होळीच्या सणात, म्हादू घुमट वाजवतो. मातीच्या मडक्याच्या तोंडावर कातडं ताणलेलं ते वाद्य, गळ्यात अडकवून वाजवतात. त्याचा हात त्यावर असा पडतो की माझ्यासारख्या जाड बाईचेही पाय हलायला लागतात. तेवढं पुरे होतं, असं मला वाटतं. पण एकदा होमस्टेवर शहरातली मुलं शेकोटीभोवती गिटार घेऊन गात बसली होती. त्यातल्या एका मुलीनं गंमत म्हणून गिटार म्हादूच्या मांडीवर ठेवली. यानं तारांना हात न लावता गिटारीच्या पोटावरच घुमटाचा ताल धरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी म्हणाली, काका, तुमच्या हातात ताल आहे, तुम्ही शिकाच. शहरातली माणसं असं सहज बोलतात आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसून निघून जातात. मागं राहणाऱ्याच्या डोक्यात ते घर करून बसतं.

पंधरवडाभरात पहिलं खोकं आलं. तपकिरी रंगाची साधी गिटार. म्हादूनं ती माझ्या काउंटरवरच उघडली आणि गिऱ्हाइकांना बाजूला सारून उभ्याउभ्या वाजवायला घेतली. आवाज भयंकर होता, पण त्याचं तोंड असं फुललेलं की मला ओरडता आलं नाही.

शिकणं फोनवरून. वाड्यावर रेंज नाही, म्हणून तो जीप टेकडावर नेऊन उभी करायचा आणि बॉनेटवर फोन ठेवून बघायचा. उजवा हात पहिल्या दिवसापासून बरोबर चालत होता, तो घुमटावरचा हात. डावा आडमुठा निघाला. बोटं सोलली, मग घट्टे पडले, तेही त्यानं सोसलं. पण पुढं पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरायचं असतं म्हणे, तिथं त्याची गाडी अडली ती अडलीच.

मग तो एक दिवस येऊन म्हणाला की या गिटारीत दम नाही, हिच्या तारा लाकडापासून लई वर आहेत, फोनवरचा माणूसही तेच सांगतो. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी तोंडावर म्हणाले. त्यालाही हसू आलं, आणि हसत हसतच त्यानं मला फोनवर दुसरी गिटार दाखवली.

दुसरी काळी, खांद्याशी एका बाजूला खाच असलेली. तिच्यावरही ते बोट अडलं. तिसरी लाल, विजेवर चालणारी. दर खेपेला मी ठरवायची की या वेळी पार्सल परत पाठवायचं, आणि दर खेपेला तो दारात येऊन उभा राहिला की माझा राग निवायचा. खोकं उघडायच्या दिवशी म्हादू खरोखर वाजवणारा माणूस वाटायचा. पाठ ताठ, आवाज दबका, हात धुऊन यायचा. नव्या गिटारीवर त्याचं अजून काही चुकलेलं नसायचं ना. महिना गेला की पुन्हा खांदे पडलेले, पुन्हा फोनमध्ये डोळे. मला त्याची कीव यायची आणि चीडही यायची, दोन्ही एकाच वेळी.

चौथ्या खेपेला बेस गिटार आणली. लांब दांड्याची, चारच जाड तारा. फोनवरच्या माणसानं सांगितलं होतं की ही तालाची सोबतीण आहे, ज्याला ताल कळतो त्यानं हीच धरावी. मला यातलं काही कळत नाही, पण खरं सांगते, हे मात्र पटलं होतं. ती बहुतेक त्याच्यासाठीच होती. पण बेसला वीज लागते, आणि वाड्यावर पहिल्या वादळात फांदी पडून वीज जाते ती लाइनमनची मर्जी होईल तेव्हा येते. वीज नसली की बेसचा आवाज वाजवणाऱ्याच्या छातीपलीकडं जात नाही. म्हादू ओसरीवर बसून तासन्‌तास वाजवायचा आणि अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबड्यासुद्धा मान वर करायच्या नाहीत, असं रुक्मा सांगायची. चिकाटीनं बसला असता तर जमलं असतं. पण त्याला वाटायला लागलं की बेसच चुकीची घेतली.

काळी, लाल आणि बेस, तिन्ही हळूहळू माझ्या मागच्या खोलीत आल्या, तांदळाच्या पोत्यांमागं. घरात ओल आहे, उंदीर आहेत, असं तो म्हणायचा. खरं कारण वेगळं होतं. रुक्मा त्याला काही बोलत नसे, आणि तिचं ते न बोलणं त्याला रोज बघवत नव्हतं. पहिली तपकिरी तेवढी घरी खुंटीला राहिली.

आता रुक्माचं सांगते.

आमच्याकडचा पाऊस म्हणजे भिंतीसुद्धा हिरव्या होतात. त्यामुळं ओलीनं बिघडणाऱ्या सगळ्या वस्तू कुणबी माणसं पावसाळ्यात चुलीच्या वर टांगतात. बियाणं, मक्याची कणसं, सुकी मासळी, आणि घुमटसुद्धा. धुरानं कातडं ताणलेलं राहतं. पहिल्याच पावसाळ्यात गिटारीवर बुरशी चढली तेव्हा रुक्मानं तिलाही घुमटाशेजारी टांगली. तिच्या दृष्टीनं वाद्य ते वाद्य. पण गिटारीला कातडं नसतं, पातळ लाकूड आणि डिंक असतो. गणपतीच्या चवथीपर्यंत ती तव्यासारखी काळी झाली, पोट जरा खोल गेलं, तारा जिथं बांधतात ती पट्टी एका बाजूनं उचलली, दोन तारा तुटल्या. म्हादूनं बघितली आणि म्हणाला, संपली ही. तेव्हा त्याची दुसरी, काळ्या रंगाची, नुकतीच आली होती, त्यामुळं फार वाईटही वाटलं नाही.

रुक्मानं ती टाकली नाही. आपल्या हातून बिघडली हे तिला लागलं होतं. फणसाचा चीक काठीवर गुंडाळून ठेवलेला असतो, फुटलेलं मडकं सांधायला. तो तापवून तिनं पट्टी चिकटवली आणि चिकटली का बघायला तार छेडली. तिथून सुरुवात झाली.

त्यांच्या वाड्यावर बायकांनी घुमटाला हात लावायचा नाही अशी रीत आहे. लावला तर काय होतं हे कुणाला माहीत नाही, कारण कुणी कधी लावलेलाच नाही. रुक्माचं लहानपण बापाचा घुमट ऐकण्यात गेलं आणि लग्नानंतरचं आयुष्य नवऱ्याचा. ताल सगळा पाठ, हात मात्र रिकामे. गिटारीबद्दल वाडवडिलांनी काहीच सांगून ठेवलं नव्हतं. म्हणून दुपारी भांडी आवरली की ती चुलीशी बसायची. फोन नाही, शिकवणारा नाही. उरलेल्या चार तारा तिनं आपल्या गळ्याला जुळतील अशा सैल केल्या. फुगडीची गाणी तिला येतच होती, त्यांचा एकेक सूर दांड्यावर शोधून काढायचा आणि सापडला की तिथं चुन्याचा ठिपका द्यायचा. दोन पावसाळे तिचं हे चाललं होतं आणि म्हादूला वाटायचं बायको वेळ घालवतेय.

मी दरवर्षी त्यांच्याकडं नव्याच्या जेवणाला जाते, नवं भात घरात येतं तेव्हा. गेल्या वर्षी जेवणं झाल्यावर वाड्यावरच्या बायका फुगडीला उठल्या आणि फुलानं रुक्माला हाक मारली. फुला त्यांच्या स्त्रीशक्ती संघाची, म्हणजे बचतगटाची, प्रमुख. रुक्मा ती धुरानं काळी पडलेली गिटार घेऊन आली, जमिनीवर मांडी घालून बसली आणि वाजवायला लागली. आवाज साफ नव्हता. चिकानं चिकटवलेल्या जागेतून तारेबरोबर एक बारीक घरघर निघायची, आणि तीच त्या गाण्याला शोभत होती. एका हाताची बोटं तारांवर, मधेच अंगठ्याखालचा भाग लाकडावर पडायचा, घुमटाचा ठेका. मी रोज कांदे तोलणारी बाई, माझे डोळे सहज भरत नाहीत. त्या दिवशी भरले.

नंतर भांडी घासताना रुक्मा आपणहून बोलली. जोयड्याला जानेवारीत कंदांचा मेळा भरतो, तिथं संघाच्या बायका स्टेजवर फुगडी घालणार होत्या आणि फुलानं सांगितलं होतं की रुक्मानं पुढं बसून वाजवायचं.

"अक्का, मी जल्मात कंदी पुढं बसलेली न्हाई," ती म्हणाली. "लगनातबी सगळी त्यांच्याकडंच बघत हुती."

ती हसली, पण मला कळलं की हे तिला किती हवं आहे. मी म्हटलं, दुकान बंद ठेवून येईन.

म्हादूनंही त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं होतं. त्याला मत्सर वाटला असता तर परवडलं असतं. पण म्हादूला झाला आनंद. बसमध्ये, जीपमध्ये, होमस्टेवर, जो भेटेल त्याला सांगत सुटला की माझी बायको गिटार वाजवते. आणि म्हादूला आनंद झाला की त्याचा हात कुठं जातो हे मला ठाऊक असायला हवं होतं.

मेळ्याला आठवडा राहिला असेल. संध्याकाळच्या बेळगावच्या गाडीतून म्हादू उतरला. पाठीवर नवी कोरी पिशवी, आत गिटार. उघडून दाखवली. पिवळ्या लाकडाची, तोंड दिसावं इतकी चकचकीत, सहाच्या सहा तारा.

मी विचारलं, जुनी कुठं आहे.

"दिली. बदल्यात," तो म्हणाला. "दुकानदार घीतच न्हवता, अक्का. वाकडी झालीया, धुरानं खाल्लीया म्हणाला. मी लई गळ घातली तवा घितली."

"रुक्माला विचारलंस?"

"इचारलं आसतं तर नगं म्हणली आसती. स्टेजवर लोकांम्होरं ती काळी मडकी घिऊन बसायची व्हय? माझी बायकू हाय ती."

रुक्मा कंद खणायला गेली होती तेव्हा त्यानं सकाळच्या गाडीनं ती गिटार नेली होती. मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पण तो बावचळून माझ्याकडं बघत राहिला. चार गिटारी स्वतःसाठी घेतल्यावर पाचवी त्यानं पहिल्यांदा बायकोसाठी घेतली होती, आणि मी त्याला शिव्या देत होते. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

रुक्मानं ओरडा केला नाही. तुम्ही म्हणाल, गिटार ती गिटार, आठवड्यात सवय व्हायला काय झालं? तिनं प्रयत्न केला. नव्या तारा तिनं आपल्या गळ्याला लागतील अशा सैल केल्या. म्हादू संध्याकाळी आला की फोनवरचं यंत्र लावून, सुरात नाही म्हणत त्या परत कसायचा. असं रोज. तो मदत करत होता. ठिपके द्यायला तिचा हात धजेना, एवढ्या चकचकीत लाकडाला चुना कसा लावायचा. शेवटी तिनं फुलाला निरोप धाडला की मी बसत नाही. फुला म्हणाली, नाव छापून आलंय आता.

मी दुकान बंद ठेवून गेले. मंडपात कंद मांडलेले होते, माणसाच्या मांडीएवढे कोनाचे गड्डे, मोठमोठे सुरण, आणि शहरातली माणसं त्यांच्याशेजारी उभी राहून फोटो काढत होती. स्टेजवर संघाच्या बायका आल्या. पुढं खुर्चीवर रुक्मा. खुर्चीवर बसून तिनं कधी वाजवलं नव्हतं. म्हादू सगळ्यांत पुढं, फोन धरून.

तिनं सुरू केलं. माइकमधून तो आवाज एकदम स्वच्छ आणि मोठा आला, आणि बायकांचं गाणं एकीकडं, गिटार दुसरीकडं. रुक्मानं एकदा वर पाहिलं. पहिलं कडवं संपेपर्यंत तिनं रेटलं. मग हात थांबवला, गिटार खुर्चीला नीट टेकवून ठेवली, उठली, मागं गेली आणि बायकांच्या रांगेत शिरून एकीचे हात धरले. फुगडी सुरू झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना वाटलं कार्यक्रम असाच बसवलाय. कुणाला काही कळलं नाही हेच मला जास्त लागलं. एका बाईचं एवढं मोठं काहीतरी हजार माणसांसमोर गेलं आणि कुणाचा चहाचा घोटसुद्धा अडला नाही.

परत येताना गाडीत मी तिच्याशेजारी बसले. तिनं मला कंद कसा विकला गेला ते सांगितलं.

पुढं काही दिवसांनी म्हादू दुकानात आला. घागरीला हात लावला नाही. मेळ्यातला व्हिडिओ त्यानं घरी रुक्माला दाखवला होता. तिनं तो बघितला, फोन परत दिला आणि वाळवण आत घ्यायला गेली. मग त्यानं जीपमध्ये बसून एकट्यानं पुन्हा पुन्हा बघितला. आता माझ्यासमोर धरला.

"अक्का, हितं बघा. हिची बोटं कायतरी हुडकत्यात."

मी पाहिलं. रुक्माची बोटं दांड्यावरून वर जात होती, खाली येत होती, ओळखीचं काही सापडतंय का बघत होती. मी त्याला चुन्याच्या ठिपक्यांचं सांगितलं. त्याला ते ठिपके घाण वाटले होते. बेळगावला नेण्याआधी त्यानं ते ओल्या फडक्यानं पुसून काढले होते, दुकानदारानं घ्यावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या गाडीनं बेळगावला गेला. दुकानदारानं तारा पिळायच्या खुंट्या काढून ठेवल्या होत्या, बाकीची भंगारात घातली होती. म्हादू दिवसभर भंगारवाल्यांच्या गल्लीत फिरला, जाळीच्या पत्र्यांखाली, कपाटांच्या लाकडांत बघत. एकानं त्याला दुसरीच कुठली तरी मोडकी गिटार दिली, ती त्यानं घेतली नाही. संध्याकाळी माझ्याकडं येऊन बसला तेव्हा कोपरापर्यंत गंज लागलेला होता. मी चहा दिला. राग यावा असं त्याच्यात काही उरलंच नव्हतं.

मग एक खोकं आलं. तसंच लांब. त्यानं तीच पहिली मागवली होती, तीच कंपनी, तोच तपकिरी रंग. माझ्या मागच्या खोलीत बसून त्यानं तिच्या दोन तारा पक्कडीनं तोडल्या. व्हिडिओत बोटं जिथं जिथं थांबत होती तिथं तिथं आठवून चुन्याचे ठिपके लावले. काही बरोबर लागले असतील, काही नसतील. बाजाराच्या दिवशी रुक्मा पायरीवर येऊन बसली तेव्हा त्यानं ती तिला आत बोलावून दिली. मी काउंटरमागंच होते. मला वाटलं, आता होईल सगळं नीट. मनातून मी देवाला नारळसुद्धा बोलले.

रुक्मानं ती मांडीवर घेतली. ठिपक्यांवरून बोट फिरवलं, तुटलेल्या तारांची टोकं बघितली. ते त्यानं केलंय हे तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा क्षणभर मऊ झाला. मग तिनं एकदाच तार छेडली आणि हात खाली घेतला.

"नवी हाय म्हणून असा आवाज यितोय," म्हादू घाईनं म्हणाला. "तू वाजीव. शिकंल ती हळूहळू."

"शिकंल की," रुक्मा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पर शिकली की तुमी हीबी बदलशिला."

तिनं गिटार त्याच्या हातात परत दिली, पदर खोचला आणि पायरीवर जाऊन बसली. म्हादू तिच्यामागं दारापर्यंत गेला.

"न्हाई बदलणार," तो म्हणाला.

रुक्मानं ते ऐकलं, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला सुरणाचा भाव सांगितला.